सुईचा डगला

३ डिसेंबर

पोचले एकदाची. फाटकापाशी ट्रक थांबला तेव्हा थंडीने पापण्या चिकटत होत्या, तरी मला सारखं हसू येत होतं. फाटकावरच्या माणसाने माझे कपडे, बूट, केसांतली पिनसुद्धा काढून घेतली आणि मला न्हाणीत पाठवलं. एका दाराने बाहेरची म्हणून आत जायचं, दुसऱ्या दाराने आतली म्हणून निघायचं. केस दोनदा धुतले, मग नखं राहिली असं वाटून परत पाण्याखाली गेले. शेवटी तो दाराबाहेरून ओरडला की बाई, तुम्ही डुकरांकडे चाललात, लग्नाला नाही.

ही वही जंतू मारायच्या निळ्या दिव्याखाली अर्धा दिवस ठेवली होती, ती आत्ता हातात आली. फोन आत आणायचा नाही असा नियम आहे. प्रत्येक शेडमध्ये भिंतीवरचा फोन आहे, त्यावरून फार्ममधल्या फार्ममध्ये बोलता येतं.

माझी खोली गाभणशेडच्या टोकाला. खाली शेगडीची ऊब असलेला मातीचा ओटा आहे, त्यावरच झोपायचं. भिंतीपलीकडे गाभण डुकरिणी. त्यांचा श्वास, साखळ्यांचा आवाज, लोखंडी भांड्यात नाक घासल्याचा आवाज. मला घरी आल्यासारखं झालं. आई असती तर म्हणाली असती, झोप आता, त्या जाग्या आहेत.

विण्याच्या शेडवर क्वान काकू आहेत. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, असल्या काडीला कोणी पाठवलं, एखादी डुकरीण शिंकली तर उडून जाशील. मग आंबट कोबी घातलेलं डुकराचं मटण वाढलं आणि ताट रिकामं होईपर्यंत समोरून हलल्या नाहीत. दाणा आणि बॉयलर पेई दादाकडे. तो जेवताना म्हणाला की काकू पाहुण्यांनाही विणाऱ्या डुकरिणीसारखंच खायला घालतात, सांभाळून राहा.

मी हसले, पण अंगावरची डांगरी पोटावरून सैल केली.

कारण मला चौथा महिना आहे. इथे कोणाला माहीत नाही. गरोदर बाईने फार्ममध्ये यायचं नाही असा नियम आहे, आणि इथे एकदा आलं की हे वेत होईपर्यंत बाहेर जाता येत नाही. मला कळलं तेव्हा नेमणूक झाली होती. नवरा छुनशंग दालियन बंदरातून मासेमारीच्या जहाजावर गेलेला, वसंताच्या सणाशिवाय परतणार नाही. त्याला अजून माहीतच नाही. सासरी जाऊन त्याच्या आईच्या नजरेखाली तो येईपर्यंत बसायचं, की इथे माझं स्वतःचं काम करायचं? मी काम निवडलं. पुन्हा पुन्हा विचार केला आणि निवडलं. बाळाला काही होऊ द्यायचं नाही, एवढं एकच मी स्वतःला बजावून आले आहे. जड उचलणार नाही. कळा आणायची, वार पाडायची इंजेक्शनं हातात धरणार नाही, ती काकूंकडे असतात. बाकी डांगरी ढगळ आहे, थंडी माझ्या बाजूची आहे.

५ डिसेंबर

आज कामाची रीत समजून घेतली.

शेडमध्ये कप्प्यांच्या दोन रांगा. डुकरिणींची तोंडं बाहेरच्या भिंतींकडे, दाण्याच्या भांड्यांकडे, आणि मधून बोळ. त्यामुळे बोळातून चालताना दोन्ही बाजूंना नुसत्या पाठी आणि शेपट्या. कप्प्यात वळायला जागा नाही. मागून कोण येतंय हे त्यांना दिसत नाही, वासावरून आणि पावलांवरून कळतं.

बोळाच्या दाराशी खिळ्याला एक खाकी डगला टांगलेला आहे. त्याला सुईचा डगला म्हणतात. लस टोचायची, रक्त काढायचं, कानाला बिल्ला ठोकायचा, म्हणजे दुखेल असं काहीही करायचं असलं की हा डगला घालायचा. खायला घालताना, झाडताना, पाठ खाजवताना फक्त निळी डांगरी. मग डुकरिणी डगल्याला भितात, माणसाला भीत नाहीत. डगला कधी धुवायचा नाही, कारण वास गेला तर त्या ओळखणार नाहीत.

मी काकूंना विचारलं की हा किती जुना. त्या म्हणाल्या, मला काय विचारतेस, मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा इथे सरकारी डुकरखाना होता, तेव्हाही हा असाच लोंबत होता. बाह्या बदलल्या, अस्तर बदललं, पण तुकडा तुकडा जोडून तोच चालवलाय. पेई दादाने भर घातली की खिळ्यावरून काढला तरी तो आपल्या पायांवर उभा राहील, आणि पगार मागेल.

आईकडे असलं काही नव्हतं. आमच्या दोन-तीन डुकरिणी, आणि ती एका हाताने कानामागे खाजवायची, दुसऱ्या हाताने टोचायची. मी सात-आठ वर्षांची असताना तिने माझं बोट धरून शेपटीच्या मुळाखालचा तो मऊ खळगा दाखवला होता. इथे, आणि सुई कण्याच्या रेषेत, सरळ. म्हणायची, भीती वाटणारच तिला, पण तुझ्या हाताची वाटू देऊ नकोस.

९ डिसेंबर

पहिल्या फळीचं लसीकरण झालं. हगवणीची लस. हा विषाणू मोठ्या डुकरांना दोन-चार दिवस हगवतो आणि सोडून देतो. पण नुकत्या जन्मलेल्या पिल्लांचं आतडं पाण्यासारखं होतं, सगळं वेतच्या वेत आईच्या कुशीत सुकून जातं. पिल्लांना लस देऊन उपयोग नाही, तेवढा वेळच नसतो. म्हणून आईला द्यायची, विण्याच्या आधी दोनदा. तिचं शरीर रोग ओळखायला शिकतं आणि ती ओळख ती पहिल्या चिकातून पिल्लांना पाजते. डुकरिणीच्या पोटात असताना पिल्लांना यातलं काही मिळत नाही. जे मिळायचं ते चिकातूनच.

बाटलीवरचं पत्रक तीनदा वाचलं. माणसाला या लसीने काही होत नाही. तरी दोन-दोन हातमोजे घातले.

डगला अंगावर चढवला तेव्हा तो माझ्या कल्पनेपेक्षा जड निघाला. आतून गार. आणि बोळात पाऊल टाकलं तशी सगळी शेड गप्प झाली. इतका वेळ भांडी वाजत होती, गुरगुर चालली होती, ती कोणीतरी हाताने पुसून टाकावी तशी. ज्या डुकरिणीच्या मागे मी उभी राहीन ती अंग पुढे लोटायची, कप्प्याचा छातीसमोरचा गज खणकन वाजायचा, शेपटी घट्ट आत. एकही ओरडली नाही. आईकडच्या ओरडायच्या, शिव्या दिल्यासारख्या. ह्यांची ती शांतता मला आवडली नाही.

काम मात्र नीट झालं. प्रत्येकीला नवी सुई. डगला खिळ्याला अडकवून मी परत निळ्या डांगरीत आत गेले, तर त्याच डुकरिणी माझ्या हाताला नाक लावू लागल्या. रीत चालते खरी.

१४ डिसेंबर

नदीपलीकडच्या फार्मवर हगवण आली. पिल्लं वाचत नाहीयेत म्हणतात. छ्यू साहेबांनी, म्हणजे आमच्या व्यवस्थापकांनी, फाटक बंद केलं. ते स्वतः बाहेरच्या कचेरीतून फोनवर बोलतात. आजपासून एका शेडवर एकच माणूस. काकू तिकडे, मी इकडे, पेई दादा बॉयलरवर. जेवण खिडकीच्या कठड्यावर ठेवलं जाईल. कोणी कोणाकडे जायचं नाही.

काकू फोनवर म्हणाल्या, चला, आता तुला जेवताना बघायला मी नाही, तर ताट कुत्र्याला घालू नकोस.

मी सगळी शेड चुन्याच्या पाण्याने धुतली. गमबूट, फावडी, बादल्या. आणि मग माझं लक्ष त्या डगल्याकडे गेलं. वर्षानुवर्षांचं शेण, रक्त, लाळ, शिवणीशिवणीत. हगवणीचा विषाणू शेणातून पसरतो आणि आपण एक कधीच न धुतलेलं फडकं घालून एकेका गाभण डुकरिणीच्या मागे उभे राहतो! इतके दिवस हे कोणाच्या डोक्यात कसं आलं नाही? दिवसभर तेच मनात घोळत राहिलं. बाह्यांत हात घातला होता तो आठवला. तोच हात पोटावर ठेवला होता का, तेही आठवून पाहिलं.

१५ डिसेंबर

डगला जाळला.

आधी छ्यू साहेबांना विचारलं. ते म्हणाले, शाबास, हे आधीच व्हायला हवं होतं, ती गावठी खुळं आहेत. काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, जाळ बाई, मला कुठे त्यात पुरायचंय. पेई दादाने बॉयलरचं दार उघडं ठेवलं आणि लांब उभा राहिला, मी चिमट्याने आत टाकला. मला वाटलं होतं भयंकर वास येईल. काहीच वास आला नाही. पेई दादाला तेवढंच नवल वाटलं. म्हणाला, इतक्या मळाचा धूर तरी व्हायला हवा होता, फुकट गेला.

१७ डिसेंबर

दुसऱ्या फळीचं लसीकरण, निळ्या डांगरीतच. आईसारखं. आधी कानामागे खाजवलं, नाव घेतल्यासारखं काहीतरी पुटपुटले, मग टोचलं. एकही गज वाजला नाही. दोघी-तिघी तर खात राहिल्या. इतका आनंद झाला की खोलीत येऊन मी बाळाला मोठ्याने सांगितलं, पाहिलंस का.

रिकाम्या खोलीत आवाज फार मोठा वाटला.

२० डिसेंबर

एक गोष्ट लिहून ठेवते, म्हणजे डोक्यातून जाईल.

दुपारी दाणा पडल्यावर मी खोलीत कणकेच्या शेवया खात होते. भिंतीपलीकडे नेहमीचा गोंगाट. एकदम थांबला. मग लांबच्या टोकाकडून गज वाजला. खण्. थोड्या वेळाने पुढचा. मग त्याच्या पुढचा. कोणीतरी रांगेने चाललं आहे, प्रत्येकीमागे थांबतं आहे, तशा अंतराने.

मला वाटलं काकू नियम मोडून आल्या. रागावून दार उघडलं. बोळात कोणी नव्हतं. दोन्ही दारांना आतून कडी. सगळ्या डुकरिणी अंग पुढे लोटून उभ्या, कान मागे पडलेले.

मग पाहिलं. ज्यांना नऊ तारखेला पहिली मात्रा दिली, दुसरीची पाळी पुढच्या आठवड्यात आहे, ज्यांना मी मधे सुई लावलेलीच नाही, त्यांच्यातल्या तिघींच्या शेपटीखाली, त्याच खळग्यात, रक्ताचा ताजा ठिपका होता.

लसीच्या सगळ्या बाटल्या शीतपेटीत जागच्या जागी. सीलसकट.

२२ डिसेंबर

हिवाळ्यातला सगळ्यात लहान दिवस. पेई दादाने कठड्यावर मोमो ठेवले, आंबट कोबीचे. खिडकीतून ओरडला की कान गळून पडू नयेत म्हणून आज हे खावेच लागतात, तू दोघांचे खा, माझे कान तसेही काकूंच्या बडबडीने गेलेत. दोघांचे म्हणजे त्याला काय म्हणायचं होतं? नुसती थट्टाच असणार.

एकटीने खाल्ले. मोमो एकटीने खायची गोष्ट नाही. घरी आई सारण भरायची, मी कडा दाबायचे, आणि तिला माझी एकही कड पसंत पडायची नाही, सगळ्या परत दाबायची. तिला सगळ्याचीच भीती वाटायची. मोमो उकलेल, डुकरीण पिल्लावर बसेल, मी विहिरीत पडेन. मी काळजी करायला तिच्याकडूनच शिकले. चांगलं काम करायलाही तिच्याकडूनच. यातलं एक दुसऱ्यापासून सुटं करता येईल का, हे कधी विचारलं नाही, आता विचारायला ती नाही.

आजही दुपारी गज वाजले.

२६ डिसेंबर

पहिलं वेत. ज्या तिघींना तो ठिपका होता त्यांना परवाच काकूंच्या शेडमध्ये हाकललं होतं, त्यांच्यातलीच एक लवकर व्यायली. काकूंचा फोन आला. आधी हसत होत्या. बारा पिल्लं, कोरडी, गुलाबी, हगवणीचं नाव नाही. तासाभराने परत फोन. आता हसत नव्हत्या.

म्हणाल्या, लान, ही दूध पीत नाहीयेत गं. आई हाका मारतेय, सड भरून गळतायत, आणि ही सगळी कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, एकमेकांच्या अंगावर. थरथरतायत. थंडीने नाही, उबेच्या दिव्याखालीच आहेत. एकाला उचलून सडाला लावलं तर असं किंचाळलं की मी खाली टाकलं. इतकी वेतं काढली मी, आईला भिणारं पिल्लू नाही बघितलं.

मी विचारलं, पहिला चीक तरी गेला का पोटात. त्या म्हणाल्या, जन्मल्याजन्मल्या एकदाच सगळी प्यायली. त्यानंतरच हे सुरू झालं.

२८ डिसेंबर

बाराच्या बारा गेली. भरल्या सडांपासून हातभर अंतरावर, उपाशी.

त्या तिघींतल्या उरलेल्या दोघींच्या पिल्लांचीही तीच गत. छ्यू साहेब म्हणतात दिवा वाढवा. तपासणीत विषाणू नाही. ते म्हणाले, लस तर तुमची उत्तम लागलीय, मग अडचण काय आहे?

मी माझं प्रत्येक टोचणं आठवून पाहिलं. सुईची लांबी, कोन, बाटलीची ऊब. चूक सापडत नाही. चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं.

आईने जे ओळखलं तेच ती चिकातून देते. आपण तिला रोगाची ओळख करून द्यायची, ती पिल्लांना ओळख देईल. सगळं लसीकरण म्हणजे एवढंच. पण मग दुसरं कोणी तिला दुसरी कसली ओळख करून देत असेल तर?

इतक्या वर्षांची ती भीती. आम्ही ती डगल्याला दिली होती. मग मी डगला जाळला. डगला जळला, पण भीती —

त्याला वास आला नव्हता.

२९ डिसेंबर

काकूंना सगळं सांगितलं. ठिपके, गज, दुपार. मला वाटलं हसतील. हसल्या नाहीत. त्यांनाही काही ठाऊक नाही, एवढंच कळलं. म्हणाल्या, आम्हाला कोणी काही सांगितलं नव्हतं पोरी, घाल म्हटलं की घातला, धुवू नको म्हटलं की नाही धुतला.

मग मी पोटाचंही सांगितलं. पलीकडून पिल्लांविना हाका मारणाऱ्या डुकरिणीचा आवाज येत होता. मग काकूंनी मला जे काही झापलं! अगं सटवे, अगं अक्कलशून्य, चार महिन्यांचं पोट घेऊन शेण उपसतेस आणि वर मला विचारतेस मटणात मीठ जास्त झालं का! रडत होत्या. मीही रडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्यावर रागावलं.

छ्यू साहेबांना त्यांनीच सांगितलं. साहेब म्हणतात, रस्ता बंद आहे, चौकीवर गाडी सोडत नाहीत, वरून बर्फ. आठवडा थांबा. काम करू नका, खोलीत बसा.

पण दाणा कोण बघणार? पेई दादाला इकडे येऊ देत नाहीत.

१ जानेवारी

आज मी बोळात होते.

खोलीकडच्या टोकाला, झाडू हातात. लांबच्या दाराशी आवाज थांबला. खण्. दिसत काही नव्हतं. दिवे चालू, दुपार, खिडक्यांतून बर्फाचा पांढरा उजेड. खण्. एक डुकरीण पुढे लोटली जाते, मग तिच्या शेजारची. वाऱ्याने शेत लवत यावं तसं ते माझ्या दिशेने येत होतं. प्रत्येकीमागे थांबत होतं. घाई नव्हती.

मला पळता आलं नाही. मी का पळाले नाही? दार पाठीमागेच होतं.

शेवटची डुकरीण. खण्.

रांग संपली. तिच्यानंतर मीच उभी होते.

मी पाठ फिरवली, भिंतीला छाती लावली, डोळे मिटले. हे मी ठरवून केलं नाही.

काही झालं नाही. डोळे उघडले तेव्हा डुकरिणी खात होत्या.

२ जानेवारी

कण्याच्या अगदी शेवटी दुखतं आहे. काटा मोडल्यासारखं. ओट्यावर बसून बसून असेल. आरसा नाही.

आज दुपारी गज वाजले नाहीत. नवे ठिपके नाहीत. टळलं असेल.

४ जानेवारी

गज वाजतात, पण आता मी बोळात गेले की. ते माझ्या मागून येतं. मी वळून बघते तर नसतं.

काकू म्हणाल्या, नवा डगला शिव, घाल, त्यांना भिऊ दे त्याला. पोत्यांचा शिवला. त्याला शेण फासलं, मी, जी नखंसुद्धा दोनदा धुते. घालून आत गेले. भ्यायल्या. खूप भ्यायल्या. मला वाटलं, लागला उपाय.

मग डगला काढून, निळ्या डांगरीत गेले —

तेवढ्याच.

५ जानेवारी

काकू स्वतः लाबाची, म्हणजे थंडीतल्या त्या सणाची, धान्याची खीर घेऊन आल्या, नियम मोडून. सणाला अजून वेळ आहे, पण म्हणाल्या तोवर तू निघून गेलेली असशील. खिडकीबाहेर लाल गाल, डोक्याला शाल, तोंडाने चालूच — खजूर तुझ्या वाटीत जास्त घातलेत, पेईला सांगू नकोस. मी खिडकी उघडली. वाटी घ्यायला हात पुढे केला.

त्या मागे सरकल्या. दोन पावलं. वाटी कठड्यावर कलंडली.

त्यांनाच कळलं नाही का ते. हसल्या, दंड चोळले, म्हणाल्या, ह्या थंडीने काटा आला बघ. मग खीर सावरायला पुढे यायला निघाल्या आणि येईनात. पाय उचलत होत्या आणि येईनात. मी म्हटलं राहू द्या काकू, घेते मी.

गेल्या. जाताना धावत होत्या.

६ जानेवारी

फोन केला. काकूंनी उचलला. माझा आवाज ऐकून ठेवला. परत केला, तेव्हा म्हणाल्या, लान, तुझ्यावर राग नाही गं, पण आज नको.

पेई दादा ताट ठेवून खिडकी वाजवतो आणि मी येईपर्यंत निघून गेलेला असतो. काही गंमत करत नाही.

प्रशिक्षणात शिकवलं होतं — डुकरिणीकडून पोटातल्या पिल्लांना रक्तातून काही जात नाही, ती चिकाची वाट पाहतात. बाईचं तसं नाही. बाई पोटातच देते. जे तिला माहीत झालं ते, रोज, रक्तातून —

मी घाबरायचं नाही. हे आता सगळ्यात महत्त्वाचं. मी घाबरले नाही तर त्याला काही जाणार नाही. आई, मी घाबरत नाहीये, मला सांग कसं —

७ जानेवारी

गाडी उद्या येणार म्हणतात. चालवणाऱ्याला मागे कोण बसणार ते सांगितलंय का?

बोळातून एकदा सावकाश चालत गेले. मुद्दाम. खण्. खण्. मी थांबले. थांबलं. मी एक पाऊल टाकलं. खण्. मी मागे पाऊल टाकलं. आधीचीच पुन्हा —

माझ्या मागे कोणी नाही.

कधीच नव्हतं. भिंतीला छाती लावली त्या दिवसापासून डगला मीच आहे.

८ जानेवारी

सकाळ. फाटकाशी गाडी उभी आहे. दोनदा भोंगा वाजला. अंगावर पाणी ओतून घ्यायचं, निघायचं, एवढंच.

पण आत्ता, बूट चढवताना, बाळ हललं. पहिल्यांदा. आई म्हणायची मासा वळल्यासारखं वाटतं. तसं नव्हतं. सगळं एकदम, एका बाजूला, घट्ट.

मी हात ठेवला. म्हटलं, मी आहे. काही नाही, मीच आहे.

हाताखालून सरकलं. दुसऱ्या बाजूला.

मी हात तिकडे नेला. हळू, आई टोचण्याआधी ठेवायची तसा. ते परत — मागे, कण्याकडे, जेवढं जाता येईल तेवढं. थरथरतंय. इतकंसं आहे आणि मला कळतंय त्याचं थरथरणं.

हात काढला. थांबलं.

गाडीचा भोंगा. हात न लावता कसं — मी तर त्याच्या भोवतीच आहे, त्याला जायला दुसरी कुठे —

बाळा, मी नाही. बघ, हात लांब धरलेत. लिहितेय फक्त. तू नको असा — तिकडे भिंत आहे, पुढे जागा नाही, नको ना असा लोटू, मी काही करत नाही, मी तुझी